बुधवारची जोडसायकल

थोंग बाइहो लग्न होऊन दाजिआ गावी आली, त्याच वर्षी सायकलींच्या कारखान्यात लागली, आणि चाकांच्या खात्यात जी बसली ती बसलीच. समोर चाक फिरत ठेवायचं, कुठे डुलतंय ते नजरेनं धरायचं, तारा आवळायच्या नाहीतर ढिल्या करायच्या, आउट, म्हणजे चाकाचा डोल, निघाला की चाक पुढे सरकवायचं. कंप्रेसरच्या धडधडीत कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे आणि बाइहोचं त्यावाचून काही अडतही नसे. घरी नवरा आ-युआन खडीचा ट्रक लावून आला की टीव्हीसमोर बसे. मुलगी ताइपेइला नोकरीत. ती फोनवर अर्धा तास बोले आणि बाइहो इकडून नुसतं ‘हं’ म्हणे. खात्यातल्या बायका हसायच्या, हिच्याकडून एक पूर्ण वाक्य काढायचं तर आधी चहा पाजावा लागतो.

एका वसंतात कारखान्यानं नवी पद्धत काढली. बुधवारी दुपारी ज्याला लोकांच्या उपयोगी पडावंसं वाटेल त्यानं मशीन सोडून जावं, पगार कापला जाणार नाही. कामगार विभागाच्या यौ मॅडमनी जेवणाच्या सुट्टीत उभं राहून कामं सांगितली. वृद्धाश्रमात वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, शाळेत मुलांची सायकल दुरुस्त करून द्यायची, किंवा अंध माणसांना जोडसायकलवर फिरवून आणायचं. जोडसायकली आपल्याच कारखान्यात बनलेल्या, दोन सीटच्या. पुढे डोळस बसणार, मागे अंध. पायडल दोघांनी मारायचं.

“म्हणजे पुण्यही मिळणार आणि पगारही,” रंगखात्यातला कुओजुंग ताटातलं मुळ्याचं लोणचं चिवडत म्हणाला. “समुद्रदेवी मात्सूमातेनं हे कुणाच्या नावावर लिहायचं, आमच्या का मालकाच्या?”

“तू आधी ये तरी,” यौ मॅडम म्हणाल्या, “मग नावाचं बघू.”

बाइहोनं जोडसायकलीच्या कामासाठी नाव दिलं. तिचा विचार साधा होता. म्हाताऱ्यांना वाचून दाखवायचं म्हणजे बोलायचं, शाळेत गेलं तर मुलांशी बोलायचं. सायकलवर काय, पाय हलवले की झालं.

तिच्या वाट्याला आले च्वो छिंगपो. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं मालिशचं दुकान होतं. पन्नाशी ओलांडलेली, हात जाडजूड, आणि जीभ भलतीच सैल. सगळं गाव त्यांना च्वो मास्तर म्हणायचं. नदीच्या बांधावरून पहिला फेरा मारून परत आले तेव्हा ते सायकलवरून उतरले, काठी उघडली आणि म्हणाले, “बाई, तुम्हाला जीभ आहे का?”

“आहे.”

“बरं झालं सांगितलंत. मला वाटलं कारखान्यानं आंधळ्याला मुकी जोडून दिली. दोघांत मिळून निदान एक धड माणूस तरी होईल असा त्यांचा हिशेब असेल.”

बाइहोला हसू आलं, पण त्यांना ते कसं दिसणार? त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, “पुढच्या बुधवारी येते.”

आणि ती येत राहिली. मास्तरांचे पाय दणकट होते. चढ आला की मागून असा जोर यायचा की पुढच्या पायडलवर तिचे पाय नुसते वाहून जायचे. बोलायचं काम ते एकटेच करत. नऊ वर्षांचे असताना घर सोडून हौलीच्या अंधशाळेत कसे आले, मालिश कसं शिकले, कोणत्या गिऱ्हाइकाच्या खांद्यात किती गाठी आहेत, सगळं. एकदा बांधावर विसाव्याला बसले असताना ते म्हणाले, “माझं गाव थोंगशिआवच्या पलीकडे, समुद्रावर. म्हातारी तिथेच आहे. मी जातो तेव्हा आगगाडीनं जातो, स्टेशनवर भाऊ स्कूटर घेऊन येतो आणि मला मागे टाकून नेतो. बटाट्याचं पोतं नेतात तसा. एकदा मला तिच्या दारात माझ्या तंगड्यांनी पोचायचंय. नेशील?”

एव्हाना ते तिला ‘अगं-तुगं’ करू लागले होते.

“नेईन,” बाइहो म्हणाली.

पण ते व्हायच्या आधीच दोघं पडले.

बांधावरच्या रस्त्याला जिथे फाटा फुटतो तिथे मोटारी आत येऊ नयेत म्हणून लोखंडी खांब रोवलेले आहेत. बाइहोला खांब लांबूनच दिसला होता. तिनं शांतपणे हँडल वळवलं. मास्तर तेव्हा तांदळाच्या भावाबद्दल काही सांगत होते आणि वळणाच्या उलट्या अंगाला रेलून बसले होते. सायकल डगमगली, मागचं चाक खांबाला घासलं आणि दोघं आडवे झाले. बाइहोच्या कोपराचं सालटं निघालं. मास्तर हातावर पडले. मनगट.

दवाखान्यात प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी सांगितलं, उन्हाळाभर या हातानं जोर लावायचा नाही. मालिश करणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे काय ते बाइहोला कळत होतं. बाकावर ती त्यांच्याशेजारी बसली होती.  खर्च विम्यातून निघाला, दुकान बंद राहील त्याची भरपाईही कारखान्यानं दिली. त्यात मालकांनी हात आखडता घेतला नाही. पण पुढच्याच आठवड्यात यौ मॅडमनी सांगितलं, जोडसायकल बंद. बुधवारी आता समुद्रकिनारा साफ करायला जायचं.

बाइहो गेली. चिमट्यानं प्लास्टिकच्या बाटल्या उचलून पोत्यात टाकल्या. शेजारी कुओजुंग होता. तो म्हणाला, “ताई, हे बरंय ना? बाटली पडली तरी तिचं मनगट मोडत नाही.” बाइहोनं पोतं खाली ठेवलं, पर्यवेक्षकाला सांगितलं मला बरं वाटत नाही, आणि थेट बाजारामागच्या गल्लीत गेली.

मास्तर बंद दुकानात पंख्याखाली बसले होते. तिची चाहूल त्यांनी ओळखली. “ये. बाटल्या झाल्या वेचून?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सगळ्या गावाला माहीत आहे. मला तेवढं कुणी सांगितलं नाही. सायकल बंद, हे मी गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलं.” त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. “पडलो मी. हात माझा मोडला. आणि बंद करायचं का चालू ठेवायचं ते ठरवताना एकालाही मला विचारावंसं वाटलं नाही.”

“चूक माझी होती, मास्तर. मला खांब दिसला होता.”

“ते माहीत आहे मला. दिसला नसता तर वळली असतीस कशाला? वळलीस, पण बोलली नाहीस. तुझ्यावर मी चिडलोय, अजून महिनाभर चिडणार आहे. ते आपलं दोघांचं. त्यांच्यावर चिडलोय ते वेगळं.”

बाइहो स्टुलावर बसली. बाहेर कुणीतरी टेम्पोवर कर्णा लावून अळकुडी विकत होतं. तो गल्लीच्या टोकाशी गेला. मग ती म्हणाली, “उद्या माझ्याबरोबर कारखान्यात येता?”

दुसऱ्या दिवशी यौ मॅडमच्या खोलीत तिघं बसले. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी मास्तरांना स्वतः खुर्चीपर्यंत नेलं, चहा दिला, हाताची चौकशी केली. मग म्हणाल्या, “मास्तर, राग मानू नका. बुधवारची वेळ पगारी आहे, म्हणजे जबाबदारी आमची. आज मनगटावर निभावलं. उद्या डोकं आपटलं तर मी तुमच्या घरच्यांना काय सांगू?”

“बाई, मी रोज बाजारचा रस्ता ओलांडतो,” मास्तर म्हणाले. “त्याचीही परवानगी तुमच्याकडेच मागू का?”

“तसं नाही म्हणत मी.”

“तुमच्या लोकांना चांगलं काम करायचं होतं म्हणून आम्ही सायकलवर बसलो. आता त्यांना भीती वाटते म्हणून आम्ही उतरायचं. यात आम्ही कुठे आहोत?”

 मॅडम बाइहोकडे वळल्या. “बाइहोताई, तुम्ही काही बोला.”

 इतकी वर्षं नोकरी केली, पण वरच्या माणसासमोर उभं राहून बाइहोनं कधी काही मागितलं नव्हतं. ती हळूहळू बोलू लागली. “मॅडम, मला खांब दिसला आणि मी सांगितलं नाही. मागच्या माणसाला काय काय सांगायला लागतं, हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही शिकवलं नाही, मीही विचारलं नाही. चाकाचा आउट काढायला बसवायच्या आधी कारखान्यानं मला दोन महिने शिकवलं होतं. इथे जिवंत माणूस मागे बसवला आणि शिकवलं काय, तर हेल्मेट कसं बांधायचं. ते शिकवा. बंद करू नका. आणि बंदच करायचं असेल तर मास्तरांना विचारून करा.”

“आणि शिकवणार कोण?”

“मी शिकवतो,” मास्तर म्हणाले. “हात रिकामाच आहे सध्या.”

मॅडमनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. वरच्या साहेबांशी बोलते म्हणाल्या. आठवडा गेला. बाइहो रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या दाराशी जाऊन उभी राही. “काय झालं, मॅडम?” एवढंच विचारी आणि परत जाई. शेवटी एकदा मॅडमच उठून बाहेर आल्या. “तुमच्या या उभं राहण्यानं साहेबही कंटाळले, ताई. कारखान्याच्या आवारातच शिकायचं. मास्तर समाधानी होईपर्यंत फाटकाबाहेर चाक जाणार नाही. कबूल?”

“कबूल.”

मास्तरांची पहिली अट अशी की पुढे बसणाऱ्यानं आधी मागे बसायचं. डोळ्यांना फडकं बांधून, सबंध दुपार. सगळ्यांत आधी बाइहो बसली. पुढे कुओजुंग. मालवाहू ट्रक जिथे वळतात त्या आवारात त्यानं पहिला वळसा घेतला आणि बाइहोनं मागचं हँडल गच्च आवळलं. कुठे वळतोय, किती वळतोय, थांबणार की भिडणार, काहीच कळत नव्हतं. पायडल आपोआप फिरत होतं, पाय त्याच्यामागे ओढले जात होते. कुओजुंगनं एकदा उगीच ब्रेक दाबला तशी तिनं त्याच्या पाठीला नखं रुतवली.

“बोल ना रे मेल्या,” ती ओरडली.

भिंतीला टेकून उभे असलेले मास्तर शांतपणे म्हणाले, “हं. आता कळलं.”

त्या संध्याकाळी ती घरी गेली. ही माणसं वसंतभर कुणाच्या भरवशावर मागे बसली, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना. आपण दर बुधवारी पगार घेऊन त्यांना फिरवून आणतो असं ती मनाशी म्हणत आली होती. आता तिला त्याची लाज वाटली, आणि लाज गिळून बसण्यापेक्षा शिकून घ्यावं असं तिनं ठरवलं.

ती बोलायला शिकली. काय सांगायचं यापेक्षा कधी सांगायचं हे अवघड होतं. खड्डा आल्यावर ‘खड्डा’ म्हणून उपयोग नाही, आधी म्हणायला हवं. रविवारी आ-युआनच्या ट्रकमध्ये शेजारी बसून ती सराव करू लागली. “पुढे डावं वळण. हळू. उजवीकडून स्कूटर. रस्ता खरबरीत. पाय थांबवा.”

आ-युआननं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ट्रक मी चालवतोय का तू? लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढी कधी बोलली नाहीस.”

“तुला दिसतं,” ती म्हणाली.

प्लास्टर निघालं, पाठोपाठ मास्तरांचं दुकानही उघडलं. ते फाटकाबाहेर पडायला तयार झाले तेव्हा शरद सरत आला होता आणि समुद्रावरून वारा सुरू झाला होता. बांधावर गवत आडवं पडत होतं. बाइहो ओरडून ओरडून सांगत होती, घसा बसायची वेळ आली. एका बुधवारी मास्तर म्हणाले, “नुसते खड्डेच सांगत जाशील काय? बाकीचंही आहे ना काहीतरी?”

बाइहोनं विचार केला. “एक बगळा आहे. वाऱ्याकडे तोंड करून उभा आहे. उडायचा विचार नाही त्याचा.”

“शहाणा आहे. पुढे?”

“एक बाई दारात मुळ्याच्या काचऱ्या वाळत घालतेय. एकेक करून उडून चालल्यात. ती धावतेय मागे.”

मास्तर खळखळून हसले, आणि सायकल डुलली तरी बाइहोनं ती सरळ धरली.

चांद्र नववर्ष जवळ आलं तशी बाइहो मॅडमकडे गेली आणि म्हणाली, मला आणि मास्तरांना थोंगशिआवला जायचंय. अर्ध्या दिवसात होणार नाही, पूर्ण दिवस पाहिजे. मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. आवारातली झाडं वाकली होती. “या वाऱ्यात? उत्तरेला? तोंडावर वारा घेऊन? उन्हाळ्यात जा की.”

“मास्तरांची आई नव्वदीला आलीय,” बाइहो म्हणाली.

मॅडमनी दिवस दिला, पगारी. अट एकच घातली, कारखान्याची व्हॅन मागे राहील आणि तीत त्या स्वतः असतील.

सकाळी सोयाबीनचं गरम दूध पिऊन ते निघाले. दाजिआ गाव संपेपर्यंत घरांचा आडोसा होता. गाव सुटलं आणि वाऱ्यानं तोंडावर हात ठेवल्यासारखं केलं. गिअर सगळ्यांत हलका टाकला तरी पायडल चिखलात रुतल्यासारखं जड. बाइहो सांगत होती, “सरळ. सरळच आहे. बाजूनं ट्रक जाणार, धरा. गेला.” मास्तर पहिल्यांदाच काही बोलत नव्हते. फक्त मागून त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि पायांचा जोर येत होता, एकसारखा.

दाआन नदीच्या पुलावर वारा आडवा झाला. नदी कोरडी, पात्रातली वाळू उडून गालांना टोचत होती. मधेच एक झोत असा आला की सायकल हातभर कठड्याकडे सरकली. मागून व्हॅननं भोंगा दिला. यौ मॅडम काच खाली करून ओरडल्या, “बास झालं, ताई. आत बसा दोघं. पूल ओलांडल्यावर सोडते.”

बाइहोनं पाय टेकले. “मास्तर, मॅडम गाडीत बसा म्हणतात.”

“ऐकलं मी. तू काय म्हणतेस?”

“मी म्हणते, या पुलावर मी सायकल चालवणार नाही. पुन्हा पाडणार नाही तुम्हाला. उतरू आणि ढकलत नेऊ.”

“चालत? मी सायकलनं जाणार होतो.”

“तुम्ही तुमच्या तंगड्यांनी जाणार होतात. चालायलाही त्याच लागतात.”

 मास्तर उतरले. बाइहोनं हँडल धरलं, मास्तरांनी मागची सीट, आणि वाऱ्याला खांदा देत दोघं पूल चालून गेले. व्हॅन मागून पावलापावलानं येत राहिली. पुढे युआनलीजवळ पवनचक्क्या सुरू झाल्या. त्यांचा घुमारा मास्तरांनी तिच्याआधी ऐकला. “आता वास येईल बघ,” ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं खरंच समुद्राचा, सुकत घातलेल्या मासळीचा वास आला. तिथून पुढे त्यांच्या पायांना कुठून बळ आलं कोण जाणे, बाइहोला हँडल धरून बसण्यापलीकडे काम उरलं नाही.

म्हातारी दारात पाटावर बसून शिंपल्या धूत होती. सायकल समोर थांबली तरी तिनं आधी रस्त्याकडे पाहिलं, धाकट्याची स्कूटर कुठे दिसते का म्हणून.

“आई,” मास्तर म्हणाले.

“तू कसा आलास?”

“सायकलवर. दाजिआहून.”

म्हातारीनं शिंपल्यांचं टोपलं बाजूला सारलं, ओले हात गुडघ्यांना पुसले, आणि मुलाच्या पोटऱ्या चाचपून पाहिल्या. एक, मग दुसरी. “दगड झालाय नुसता,” ती म्हणाली. मग बाइहोकडे मान वळवून, “आणि तू गं? एवढ्या वाऱ्यात माझ्या पोराला आणलंस, डोकं ठिकाणावर आहे ना?”

“आहे, आजी.”

“मला नाही वाटत. आत या.”

तिनं आलं घालून शिंपल्यांचं सार केलं, तांदळाच्या शेवया परतल्या. यौ मॅडम संकोचानं दारातच उभ्या होत्या, त्यांनाही हाताला धरून बसवलं. बाइहोच्या वाडग्यात दुसऱ्यांदा वाढताना म्हातारी म्हणाली, “आज तर कामाचा वार. मालक रागावणार नाही तुला?”

“नाही, आजी. आजचा पगार मिळतो.”

“याचा? माझ्या पोराला सायकलवर घालून आणायचा?”

“हो.”

म्हातारीनं मॅडमकडे बघितलं, मॅडमनी मान डोलावली.  “मालक वेडा दिसतोय,” म्हातारी म्हणाली आणि तिनं डाव पुन्हा भरला. “मग नीट जेव. पगार घेऊन उपाशी जाऊ नको.”

मास्तर जेवून अंगणात जाऊन उभे राहिले. समुद्राच्या बाजूला तोंड करून बराच वेळ उभे होते. बाइहो त्यांच्याजवळ गेली नाही. ती सायकलचं मागचं चाक उचलून फिरवून बघत होती. पुलावरच्या वाऱ्यात काही हललं तर नाही ना एवढंच तिला पाहायचं होतं. आत यौ मॅडम म्हातारीला भांडी विसळू लागल्या होत्या.

परततानाही ती दोघं व्हॅनमध्ये बसली नाहीत. वारा पाठीला होता, रस्ता आपणहून मागे पळत होता.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात बाइहोला जेवणघराचा जिना चढवेना. कठड्याला धरून एकेक पायरी घेत होती, आणि कुओजुंग खालून म्हणत होता, “सरळ, ताई. सरळच आहे. उजवीकडे भिंत.” वर पोचल्यावर तिनं यौ मॅडमना गाठलं. टेलिफोन ऑफिसात काम करणारी एक अंध मुलगी आहे, मास्तरांच्या ओळखीची. तिलाही जोडसायकलवर यायचंय. पुढे बसायला एक माणूस कमी पडतोय.

मॅडमनी ताट खाली ठेवलं. “फडकं बांधून मागे बसायचं ना आधी?”

“सबंध दुपार,” बाइहो म्हणाली.

“येत्या बुधवारी?”

“एक वाजता. फाटकाशी.”